माझाच कोड, दुसऱ्याचं लायसन्स

तर मंडळी, गेले तीन शनिवार इथे काहीच लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, हापिसातलं रिलीज. पण या वेळी त्या रिलीजच्या नादात असं काही घडलं की दोन दिवस डोकं तापलेलं होतं आणि नंतर आपोआप शांत झालं. तापलं का आणि शांत का झालं, तेच आज लिहितोय. लायसन्स हा विषय ऐकूनच जांभई येते हे मला मान्य आहे, पण थोडा धीर धरा.

सुरुवात दौंडपासून. दौंडला माझ्या मामांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांत, दशक्रिया विधी, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, सगळं तिथेच होतं. मामांच्या कॉम्प्युटरवर वीसेक वर्षांच्या फाइली आहेत आणि सगळ्या जुन्या मराठी फॉन्टमधल्या. हे जुने फॉन्ट म्हणजे एक सोंग असतं. पडद्यावर 'क' दिसतो, पण कॉम्प्युटरच्या लेखी ते असतं इंग्रजीतलं एखादं अक्षर किंवा चिन्ह. फॉन्ट काढला की सोंग उतरतं आणि खाली उरतो नुसता इंग्रजी काला. मामांना ती फाइल व्हॉट्सॅपवर पाठवायची असली की सगळा मजकूर पुन्हा टाइप करावा लागायचा.

२०१८ साली, थर्ड इयरच्या सुट्टीत, मी त्यांच्यासाठी एक कन्व्हर्टर लिहिला. पायथनमध्ये, नऊशेक ओळी. वरवर सोपं काम वाटतं, या अक्षराऐवजी ते अक्षर. पण खरी मजा वेलांटीत आहे. जुन्या फॉन्टमध्ये 'कि' लिहिताना दिसते तशी आधी वेलांटी येते, मग क. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. रफाराचं याच्या बरोब्बर उलटं. 'सूर्य' मधला रफार जुन्या फॉन्टमध्ये य च्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो र् म्हणून य च्या आधी जाऊन बसतो. आता वेलांटी, जोडाक्षर आणि रफार तिन्ही एकाच शब्दात आले की काय होतं याची कल्पना करा. 'आर्थिक' या एका शब्दानं माझी एक अख्खी रात्र खाल्ली होती. पतसंस्थेच्या अहवालात तो शब्द पानापानावर असतो!

चाललं एकदाचं. मामा खूश, आम्हाला भेळ. मग मी तो कोड नेटवर टाकला आणि सोबतच्या फाइलीत लिहिलं: यावर माझा काहीही हक्क नाही, घ्या, बदला, विका, काहीही करा. मला तेव्हा फार उदात्त वाटलं होतं. लायसन्स-बियसन्सच्या भानगडी कोण वाचतो, ज्ञान मुक्त असावं वगैरे. वय वर्षं वीस. असो.

आता या वर्षी. एका क्लायंटकडे जुन्या मराठी कागदपत्रांचा ढीग आहे, तो युनिकोडमध्ये आणायचा आहे. मीटिंगमध्ये मी छाती फुगवून म्हटलं, "हे तर माझ्याकडे तयार आहे!" लॅपटॉपवरच्या जुन्या फोल्डरमधून कोड काढला आणि लायसन्स तपासणाऱ्या टीमकडे पाठवला. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. वापरता येणार नाही, लायसन्स नाही.

मी फोन केला. "अहो, लायसन्स कसलं, पब्लिक डोमेन आहे ते."

"असं कोण म्हणतंय?"

"लेखक म्हणतोय."

"लेखक कोण?"

"मी!"

पलीकडे क्षणभर शांतता. मग त्या बाईंनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "सर, तुम्ही सगळे हक्क सोडलेत ना? मग आता लायसन्स द्यायचं तर कोणत्या हक्कानं देणार? आणि सोडले नसतील, तर या फाइलीत लिहिलंय ते खरं नाही. नक्की काय समजायचं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय स्वतःचा बाहेरचा कोड क्लायंटच्या कामात घालायचा तर वेगळा फॉर्म, वेगळी मंजुरी, तीन आठवडे. तेवढ्यात आमच्याच टीममधल्या एका पोरानं पर्याय शोधला. असाच एक कन्व्हर्टर नेटवर आहे, एमआयटी लायसन्सवाला. (ही एमआयटी कोथरूडची नव्हे, अमेरिकेतली!) दहा मिनिटांत मंजूर झाला. मी उघडून बघतो तर काय, फंक्शनांची नावं माझी, कॉमेंट माझ्या, 'आर्थिक' वाली रात्रीची युक्तीसुद्धा माझी. आणि वर पहिल्या ओळीत कॉपीराइट कुणा भलत्याच माणसाचा.

च्यायला! माझं मला चालत नाही आणि माझंच दुसऱ्याच्या नावानं दहा मिनिटांत चालतं?

त्या शनिवारी घरी शिरूरला गेलो. वाघोलीच्या ट्रॅफिकमध्ये राग आणखी शिजला. घरी आबांना, म्हणजे आजोबांना, सगळं सांगितलं. आबांना कोड म्हणजे काय हे माहीत नाही, पण शेती माहीत आहे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे बियाण्यासारखं झालं की."

पूर्वी आबांच्या कणगीतलं ज्वारीचं बियाणं गल्लीतले लोक न्यायचे. कुणी सवाईनं परत करायचं, कुणी नाही. कुणी कधी कागद मागितला नाही, कारण देणारा समोर होता. "आता तेच बी कुणी निवडलं, पाखडलं, औषध लावलं, पिशवीत भरलं आणि वर शिक्का मारला, तर लांबचा माणूस पिशवीच घेणार. त्याला मी कुठं माहितीये? उगवलं नाही तर तो विचारणार कुणाला?"

"पण आबा, बी तर तुमचं ना?"

"बी वाटलं तेव्हाच ते माझं राहिलं नाही. पिशवी त्याची. फक्त त्यानं असं म्हणू नये की बी बी त्याचंच."

माझ्या मते सगळा विषय या दोन-तीन वाक्यांत संपतो. पण मी इंजिनिअर, मला त्याचा स्पेक लागतो. म्हणून रात्री कायदा वाचायला बसलो. (मी वकील नाही. हे वाचून कुणी कोर्टात गेलं तर मी जबाबदार नाही!)

आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅमला 'साहित्यकृती' धरलंय. म्हणजे माझ्या नऊशे ओळी आणि एखादी कादंबरी एकाच रांगेत. कोड लिहिल्या क्षणी कॉपीराइट आपोआप लागतो, नोंदणी करायची गरज नाही. आणि तो लेखक गेल्यानंतरही ६० वर्षं टिकतो. म्हणजे लायसन्स न लिहिता कोड नेटवर टाकला तर त्याचा अर्थ 'घ्या कुणीही' असा होत नाही, 'हात लावू नका' असा होतो. आपल्या पिढीतल्या निम्म्या पोरांना हे माहीत नसतं. मलाही नव्हतं.

हक्क सोडता येतात का? येतात. त्यासाठी कलम २१ आहे. पण नुसतं मनात आणून सोडता येत नाहीत. आधी कॉपीराइट रजिस्ट्रारला ठराविक नमुन्यात सूचना द्यावी लागायची, २०१२ च्या दुरुस्तीनं जाहीर नोटिशीचाही मार्ग दिला. आता माझ्या सोबतच्या फाइलीतल्या एका ओळीला जाहीर नोटीस म्हणायचं की नाही? म्हणणारे म्हणतील, नाकारणारे नाकारतील. जर्मनीत तर लेखकाला आपला लेखकहक्क पुरता सोडताच येत नाही. म्हणजे माझा कोड भारतात अर्धवट मोकळा आणि जर्मनीत बांधलेला. त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. मी बी वाटलं होतं, पण पिशवी, शिक्का, पत्ता काहीच नव्हतं.

ही अडचण माझ्यासारख्या दौंड-शिरूरच्या पोराचीच नाही, मोठमोठ्यांची आहे. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये एस्क्यूलाइट नावाचा डेटाबेस असतो, अँड्रॉइड असो की आयफोन. रिचर्ड हिप यांनी तो २००० साली आणला आणि पुढच्याच वर्षी पब्लिक डोमेनमध्ये सोडला. कोडच्या वर जिथे कायदेशीर मजकूर असतो तिथे त्यांनी चक्क आशीर्वाद लिहिलाय. तरी कंपन्यांचे वकील ऐकत नाहीत. म्हणून ज्यांना कागद हवाच त्यांना हे लोक 'वॉरंटी ऑफ टायटल' विकतात. म्हणजे वस्तू फुकट आणि पावती विकत. पुणेरी वाटावं असं हे मॉडेल आहे!

एस्क्यूलाइटवाले बाहेरच्या कुणाचा कोड सहसा घेत नाहीत. कुठून कुणाचा हक्क चिकटून येईल सांगता येत नाही, म्हणून. यातूनच २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये लिबएसक्यूएल नावाचा फोर्क निघाला. फोर्क म्हणजे त्याच कोडची प्रत घेऊन वेगळी वाट धरणं. त्यांनी त्याला एमआयटी लायसन्स लावलं आणि बाहेरच्यांसाठी दार उघडलं. यानं एस्क्यूलाइटचं काय गेलं? काहीच नाही. ते आजही पब्लिक डोमेनमध्ये आहे, ज्याला तिथून घ्यायचंय त्यानं तिथून घ्यावं. तीच गोष्ट 'नॅकल' ची. डॅनियल बर्नस्टाइन आणि मंडळींची ही पब्लिक डोमेनमधली क्रिप्टोग्राफीची लायब्ररी. तिच्यावरून २०१३ मध्ये लिबसोडियम निघाली, आयएससी लायसन्सखाली, आणि आज जगभर वापरतात ती हीच. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत एक्सझेड युटिल्सनं तर आपलाच बराचसा पब्लिक डोमेन कोड झीरो-क्लॉज बीएसडी या लायसन्सखाली आणला. त्या लायसन्समध्ये तुमच्यावर अट जवळजवळ नाहीच. म्हणजे व्यवहारात पब्लिक डोमेन इतकंच मोकळं, फक्त वकिलाला झोप लागावी म्हणून कागद.

यातला एक बारकावा आम्हा इंजिनिअर लोकांच्या लक्षात येत नाही. एखाद्याच्या मालकीच्या कोडचं लायसन्स बदलायचं तर मालकाची संमती लागते. रेड हॅटच्या लोहित फॉन्टांचं उदाहरण घ्या, त्यातला देवनागरी तुमच्यापैकी अनेकांनी लिनक्सवर बघितला असेल. ते २०११ साली जीपीएलवरून ओपन फॉन्ट लायसन्सवर आले. ते हक्क असलेल्यांनीच करायचं काम. पब्लिक डोमेनमध्ये मात्र विचारायला मालकच नसतो. म्हणून फोर्क करणारा माणूस खरं तर मूळ कोडचं लायसन्स 'बदलत' नाही, ते त्याच्या हातात नाहीच. त्याचं लायसन्स लागू होतं त्यानं घातलेल्या भरीला. मूळ मोकळं ते मोकळंच.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मामांकडे निघालो. शिरूरहून न्हावरा, मग भीमा ओलांडून चौफुला, तिथून पाटस करत दौंड. वाटेत केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलंच. लहानपणापासून ती पाटी पाहतोय, पण त्या दिवशी डोक्यात लायसन्स घोळत असल्यामुळे वेगळंच सुचलं. रमाबाई १९२२ साली गेल्या. १८८९ साली त्यांचं अमेरिकेवरचं मराठी प्रवासवर्णन आलं होतं. आज त्या पुस्तकावर कुणाचाच कॉपीराइट नाही, उद्या मी ते जसंच्या तसं छापलं तर कुणी अडवू शकत नाही. पण २००३ साली मीरा कोसंबींनी त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. त्या अनुवादावर हक्क आहे. मग कोसंबींनी रमाबाईंचं पुस्तक 'लुटलं' असं कुणी म्हणतं का? नाही. कारण मूळ मराठी जिथल्या तिथे मोकळं आहे, आणि इंग्रजी पुस्तकाच्या तर नावातच पंडिता रमाबाई आहेत. उलट त्या अनुवादामुळे परदेशातले कितीतरी लोक रमाबाईंपर्यंत पोचले.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही साधारण हीच रेघ मारलीय. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक, २००७ चा निकाल. कोर्टाचे निकाल सर्वांसाठी खुले असतात. एका प्रकाशकाचं म्हणणं असं की आम्ही ते संपादित करून छापतो, दुसऱ्यानं आमच्यावरून घेऊन सीडीवर घालू नये. कोर्टानं सांगितलं, मूळ निकालावर तुमचा हक्क नाही, नुसत्या किरकोळ दुरुस्त्या करून तो मिळत नाही. ज्यात तुमची स्वतःची थोडीतरी बुद्धी आणि निर्मिती आहे, उदाहरणार्थ तुम्ही लिहिलेली सारांश-टिपणं, तेवढ्यावर मिळतो. आबांच्या भाषेत, बी सगळ्यांचं, पिशवी तुमची.

आता उलट बाजू. ती आहेच, आणि ती मला मामांच्या दुकानात एका जुन्या मित्रानं ऐकवली. तो म्हणाला, "हे गायरानासारखं आहे. आज एक जण कुंपण घालतो, उद्या म्हणतो सातबारा दाखव." गायरानाचं काय होतं ते आपण आपल्या तालुक्यात पाहतोच, त्यामुळे मुद्दा काळजाला लागतो. पण गायरान एकच असतं. ते नांगरलं की गुरांना दुसरं नाही. कोडची प्रत घेतली की मूळ तिथेच राहतं. कुंपण पडतं ते प्रतीला, गायरानाला नाही.

अट एकच, मूळ कुठे आहे हे लोकांना सापडलं पाहिजे. मूळ सापडेनासं झालं आणि फोर्क करणाऱ्यानं त्याचा उल्लेखच केला नाही, तर व्यवहारात कुंपण गायरानालाच पडतं. कायद्यानं नाही पडत, विस्मरणानं पडतं.

हे त्याला तावातावानं सांगताना मी म्हटलं, थांब, माझं मूळ पान तुला दाखवतो आणि मग तूच ठरव त्या माणसानं काय केलंय. लिंक टाकली. पान नाही! दोनदा टाकली, तीनदा टाकली. मग आठवलं. २०१९ मध्ये प्लेसमेंटच्या आधी प्रोफाइल 'स्वच्छ' करण्याच्या नादात कॉलेजातले सगळे पोरकट प्रोजेक्ट मीच उडवले होते. त्यात हाही गेला होता.

म्हणजे गेली इतकी वर्षं माझा कोड नेटवर जिवंत होता तो फक्त त्या परक्या माणसामुळे. त्यानं नंतर काय काय केलंय ते मग शांतपणे बघितलं. आणखी दोन जुन्या फॉन्टांचे तक्ते जोडलेत, चाचण्या लिहिल्यात, आणि माझा रफाराचा एक बग, जो मामा अजूनही हातानं दुरुस्त करत होते, तोही काढलाय. चारेकशे ओळी त्याच्या स्वतःच्या. मी पीक टाकून निघून गेलो होतो, राखण त्यानं केली होती.

त्याची चूक एवढीच की वरच्या ओळीत त्यानं सगळं स्वतःच्या नावावर घेतलं. मी त्याला मेल लिहिला. भांडायला नाही, आधी धन्यवाद दिले आणि मग म्हटलं की दोन ओळी घालशील का: मूळ कोड अमुक माणसाचा, २०१८ चा, पब्लिक डोमेनमध्ये सोडलेला, पुढची भर माझी, एमआयटी लायसन्सखाली. दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं की नाव घालायचं मनात होतं, पण मूळ पानच नाहीसं झालं, आणि फाइलीत तर कुणाचं नावच नव्हतं. खरंच नव्हतं. 'माझा काहीही हक्क नाही' असं लिहिताना 'मी' कोण ते लिहायला मी विसरलो होतो. (हसा!) त्यानं त्याच संध्याकाळी ओळी घातल्या.

तर माझं मत असं. पब्लिक डोमेनमधला कोड उचलून, त्यात भर घालून त्याला ओपन सोर्स लायसन्स लावणं ही चोरी नाही. बऱ्याचदा तो त्या कोडवर उपकार असतो, कारण आजच्या कंपन्या, आजचे वकील आणि परदेशातले कायदे यांना चिकटवायला काहीतरी कागद लागतो. पण करणाऱ्यानं दोन गोष्टी पाळाव्यात. मूळ कुठलं आणि मोकळं आहे हे लिहावं, आणि आपली भर कोणती ते दिसेल असं ठेवावं. कायदा सक्ती करो न करो. आणि ज्यात स्वतःची एक ओळही घातली नाही अशा कोडवर नुसता शिक्का मारून कॉपीराइट सांगू नये, ती मात्र थाप आहे.

आणि आपल्यासारख्या देणाऱ्यांनी? 'घ्या कुणीही' म्हणून हात झटकू नयेत. द्यायचंच आहे तर नीट द्यावं. झीरो-क्लॉज बीएसडी किंवा एमआयटी, दोन्ही एका पानाच्या आत वाचून होतात. हक्कच सोडायचे असतील तर २००९ पासून सीसी-झीरो आहे. त्यात हक्क सोडता आले नाहीत तर बिनशर्त परवानगी आहे असं मागे लिहून ठेवलेलं असतं, म्हणजे जर्मनीची अडचणही मिटते. खाली आपलं नाव आणि साल टाकावं. मी तो जुना कोड परत वर चढवलाय, या वेळी नाव घालून. आणि तो फॉर्म पण भरलाय, तीन आठवडे तर तीन आठवडे.

मामांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, नवीन व्हर्जन टाकून घेतलं, पतसंस्थेचा जुना अहवाल त्यातून काढला आणि 'आर्थिक' वर बोट ठेवून म्हणाले, "रफार बरोबर आला बघ. कुणी का केला असंना."

चला, भूक लागली. बाकी पुढच्या शनिवारी.